नॅनोकण : शरीराबाहेरचे आणि शरीरातले

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत वैद्यकशास्त्रातील एखाद्या नव्या तंत्राविषयी एक तरी लेख असावा, असा प्रघात आहे. यंदा ‘निदान आणि प्रतिमाचित्रणासाठी नॅनोकणांचा वापर’ हा विषय निघाला, तेव्हा तो क्ष-किरणतज्ज्ञांनी किंवा विकृतिशास्त्रज्ञांनी लिहावा, असे मी सुचविले होते. परंतु विचार करू लागल्यावर ध्यानात आले की या विषयात बालरोगतज्ज्ञालाही सांगण्यासारखे काही आहे. किंबहुना ते त्यानेच सांगावयास हवे. एखादा पदार्थ पासष्ट वर्षांच्या रुग्णाच्या यकृतात वीस वर्षे राहिला, तर त्याचे परिणाम दिसण्याइतका अवधी बहुधा उरत नाही. आठ वर्षांच्या मुलापुढे मात्र साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य असते. त्यामुळे जे तंत्र प्रौढांसाठी निर्धोक ठरले, ते मुलांसाठीही तसेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

माझे म्हणणे प्रारंभीच मांडते. नॅनोकणांनी आजवर आपल्या भागातील मुलांचे जे मोठे भले केले आहे, ते शरीराबाहेर, कागदाच्या पट्टीवर राहून केले आहे. त्यांचे मनापासून स्वागत करावे आणि त्यांचा वापर अधिक शहाणपणाने करावा. शरीरात टोचावयाच्या नॅनोकणांना माझा विरोध नाही. काही मुलांसाठी ते वरदान ठरतील. मात्र मुलाच्या शरीरात जे जाते आणि तेथे काही काळ राहते, त्याची नोंदही मुलाजवळ राहिली पाहिजे. ही नोंद आज आपल्याकडे बहुधा राहत नाही, आणि ती ठेवणे आपल्या हाती आहे.

आकाराची कल्पना

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास सात ते आठ हजार नॅनोमीटर असतो, डेंग्यूचा विषाणू सुमारे पन्नास नॅनोमीटरचा, तर हिमोग्लोबिनचा रेणू पाच-सहा नॅनोमीटरचा. साधारणपणे एक ते शंभर नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात.

इतक्या लहान आकारात पदार्थाचे गुणधर्म बदलतात. सोने आपल्याला पिवळे दिसते. परंतु सोन्याचे वीस-चाळीस नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपल्या व्याख्यानात या लाल द्रावणाची चर्चा केली होती. त्यांनी तयार केलेली काही द्रावणे तेथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेली आहेत. कणाच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर आंदोलित होतात आणि हिरवा प्रकाश शोषून घेतात, म्हणून उरलेला रंग आपल्याला लाल दिसतो.

कागदाच्या पट्टीवरील सोने

ही लाल रेघ आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे. मलेरियाची कार्ड टेस्ट, डेंग्यूची एन.एस. वन टेस्ट, कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेली अँटिजेन टेस्ट, या साऱ्या एकाच कुळातील. या पट्ट्यांपैकी फार मोठ्या भागात रेघ उमटते ती सोन्याच्या नॅनोकणांमुळे. पट्टीच्या एका टोकाला प्रतिपिंड चिकटवलेले सुवर्णकण वाळवून ठेवलेले असतात. रक्ताचा थेंब व द्रावण टाकले की हे कण ओले होऊन कागदावरून पुढे सरकतात. नमुन्यात रोगजंतूचे प्रथिन असेल, तर ते कणाला धरते आणि पुढे आखलेल्या रेषेवरील दुसरे प्रतिपिंड त्या जोडगोळीला अडवून ठेवते. असे असंख्य कण एका जागी साचले की डोळ्यांना रेघ दिसते. उरलेले कण पुढच्या नियंत्रण रेषेवर थांबतात. या सगळ्याला ना सूक्ष्मदर्शक लागतो, ना वीज.

या साधेपणाचे मोल इंदूरसारख्या शहरात बसून कळत नाही. आपल्या माळव्याला लागून असलेल्या झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या जिल्ह्यांतील पाड्यांवर पावसाळ्यात तापाने फणफणलेले मूल घेऊन आई निघते, तेव्हा रक्ताची काचपट्टी तपासणारा तंत्रज्ञ पंधरा-वीस किलोमीटर दूर असतो. पूर्वी काचपट्टीचा निकाल येईपर्यंत कित्येक दिवस लागत आणि तोवर क्लोरोक्विनच्या अंदाजी गोळ्यांवर काम भागवावे लागे. फॅल्सिपॅरम मलेरियात दोन दिवसांचा उशीरही लहान मुलाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सांगितले की मलेरियाचा संशय असलेल्या प्रत्येक रुग्णाची उपचारापूर्वी सूक्ष्मदर्शकाने किंवा कार्ड टेस्टने खात्री करावी. हे धोरण दुर्गम भागात अमलात आणता आले, ते या पट्टीमुळे. आशा कार्यकर्ती बोटाला सुई टोचून पंधरा-वीस मिनिटांत फॅल्सिपॅरम की व्हायव्हॅक्स हे सांगू शकते. प्रगत प्रयोगशाळांतील कोणत्याही भव्य यंत्राइतकेच हे काम मला थोर वाटते.

कोविडने या पट्टीला घराघरांत नेले. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने घरच्या घरी करावयाच्या पहिल्या चाचणी संचाला मान्यता दिली. तो संच पुण्याच्या मायलॅब कंपनीचा होता. तेव्हापासून दोन रेषा आणि एक रेष यांचा अर्थ आपल्या आजी-आजोबांनाही ठाऊक झाला.

रेघ म्हणजे निदान नव्हे

मात्र सोपी वस्तू अविचाराने वापरली जाण्याचा धोकाही अधिक असतो. येथे माझ्या व्यवसायबंधूंशी मला थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे.

समजा, एखादी चाचणी ९५ टक्के रुग्ण अचूक ओळखते आणि ९५ टक्के निरोगी व्यक्तींनाही अचूक निरोगी ठरविते. कानाला हे उत्तम वाटते. आता ज्या एक हजार मुलांत प्रत्यक्ष आजार केवळ वीस जणांना आहे, त्या सर्वांवर ती वापरली, तर वीसपैकी एकोणीस मुले सापडतील. परंतु उरलेल्या ९८० निरोगी मुलांपैकी ४९ जणांचीही रेघ उमटेल. म्हणजे रेघ उमटलेल्या ६८ मुलांत खरे रुग्ण १९ आणि आजार नसलेली ४९! याच मुलांत लक्षणे पाहून, तपासून, निवडक शंभरांवरच चाचणी केली असती, तर हे चित्र पालटले असते. चाचणी चुकीची नसते. ती कोणावर करावयाची, हे ठरविण्याचे आपले काम आपण सोडून देतो.

तापाच्या दुसऱ्या दिवशी सरसकट मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड अशा तिन्ही कार्ड टेस्ट लिहून द्यायच्या आणि ज्याची रेघ उमटेल त्याचे औषध सुरू करायचे, ही पद्धत आपल्या शहरांत रुळली आहे. टायफॉइडच्या कार्ड टेस्ट बहुतेक करून प्रतिपिंड शोधतात. ते अन्य जंतूंमुळे किंवा जुन्या संसर्गामुळेही सापडू शकतात. अशा फिकट रेघेवरून मुलाला दोन आठवडे प्रतिजैविके देणे आणि रक्ताचे कल्चर न करणे हे शास्त्राला धरून नाही. मलेरियाच्या फॅल्सिपॅरमसाठी वापरले जाणारे एच.आर.पी. टू हे प्रथिन मूल बरे झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. तेव्हा उपचारानंतर पुन्हा तीच चाचणी करून ‘औषध लागू पडले नाही’ असा निष्कर्ष काढू नये. उलट काही परजीवींमध्ये हे प्रथिन बनविणारे जनुकच नसते. असे परजीवी प्रथम पेरू देशात आढळले आणि ती माहिती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणून लक्षणे ठळक असतील, तर रेघ उमटली नाही तरी काचपट्टी पाहावी. डेंग्यूची एन.एस. वन चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी. त्यानंतर ती निगेटिव्ह आली म्हणून मुलाला घरी पाठवून निर्धास्त होणे धोक्याचे.

आणखी एक साधी गोष्ट. हे संच बहुधा ३० किंवा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच सुरक्षित राहतात, तसे पाकिटावर छापलेले असते. निमाडच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालील औषधाच्या दुकानात किंवा मोटारसायकलच्या डिकीत तापमान किती होत असेल, याचा विचार करावा. लसींच्या शीतसाखळीविषयी आपण जितके जागरूक झालो, तितके चाचणी संचांविषयी अजून झालेलो नाही.

शरीरात जाणारे कण

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. प्रतिमाचित्रणासाठी शरीरात टोचले जाणारे नॅनोकण ही काही कालपरवाची गोष्ट नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतील पहिली लसिकाग्रंथी शोधण्यासाठी शल्यविशारद टेक्नेशियम लावलेले कोलॉइड वापरतात. ते नॅनोकणच असतात. नवी मुंबईतील वाशी येथील ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था टेक्नेशियमचे संच देशभर पुरविते.

एमआरआयसाठी लोहाच्या ऑक्साइडचे कण वापरले जातात. चुंबकीय क्षेत्रात हे कण आजूबाजूच्या ऊतींचा संदेश बदलतात. अमेरिकेत १९९६ मध्ये यकृताच्या चित्रणासाठी फेरिडेक्स या नावाने असे कण बाजारात आले. यकृतातील भक्षक पेशी ते गिळतात आणि निरोगी यकृत चित्रात काळे पडते. गाठीत अशा पेशी नसल्याने ती उजळ उठून दिसते. कल्पना सुंदर होती, तरी २००८ च्या सुमारास ते उत्पादन थांबविण्यात आले. २००३ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ८० रुग्णांवरील एका गाजलेल्या अभ्यासात, लोहकणांच्या साहाय्याने साध्या एमआरआयला न दिसणाऱ्या लसिकाग्रंथींतील कर्करोग दिसला. एवढे असूनही युरोपातील मान्यतेचा अर्ज २००७ मध्ये मागे घेण्यात आला. वैद्यकीय नियतकालिकात गाजलेले तंत्र रुग्णापर्यंत पोहोचतेच असे नाही, हे परिषदांतील रंगीत स्लाइड पाहताना आपण ध्यानात ठेवावे.

मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा कण म्हणजे फेरुमॉक्सिटॉल. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्या प्रौढांच्या रक्तक्षयासाठी २००९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. सुमारे तीस नॅनोमीटरचा हा लोहकण रक्तात बराच वेळ राहतो, म्हणून रक्तवाहिन्यांचे चित्रण त्याने उत्तम होते. काही बालरोग केंद्रांनी त्याचा एमआरआयसाठी वापर सुरू केला, आणि त्यामागे सबळ कारण होते. एमआरआयमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमचा आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा व ऊती ताठरविणाऱ्या एका भयानक विकाराचा संबंध २००६ मध्ये उघड झाला. पुढे २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की वारंवार गॅडोलिनियम दिलेल्या रुग्णांच्या मेंदूत त्याच्या खुणा दिसतात. २०१७ मध्ये युरोपीय औषध संस्थेने गॅडोलिनियमच्या काही प्रकारांचा वापर स्थगित केला. अशा वेळी डायलिसिसवर असलेल्या मुलासाठी किंवा जन्मजात हृदयविकारात वारंवार चित्रण लागणाऱ्या बाळासाठी लोहकणाचा पर्याय आकर्षक ठरतो. २०१४ मध्ये कर्करोग झालेल्या ८ ते ३३ वर्षे वयाच्या २२ रुग्णांवरील अभ्यासात, लोहकणांसह केलेला संपूर्ण शरीराचा एमआरआय हा किरणोत्सारी पेट-सीटीच्या तोडीचा ठरू शकतो, असे दिसले. ज्या मुलाला उपचाराच्या काळात पाच-सहा वेळा स्कॅन करावा लागतो, त्याचा किरणोत्सार वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु याच औषधाने २०१५ मध्ये दुसरी बाजूही दाखविली. त्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापावयास लावला. बाजारात आल्यापासून तीव्र अ‍ॅलर्जीच्या ७९ घटना नोंदल्या गेल्या होत्या व त्यांतील १८ रुग्ण दगावले होते. तेव्हापासून ते झटकन टोचण्याऐवजी सलाइनमधून किमान पंधरा मिनिटांत सावकाश द्यावे, असा दंडक आहे. शिवाय ते दिल्यावर तीन महिन्यांपर्यंत पुढच्या एमआरआयच्या चित्रात फरक पडू शकतो. पुढचा स्कॅन दुसऱ्या शहरात झाला आणि तेथील क्ष-किरणतज्ज्ञाला हे माहीतच नसले, तर यकृतातील काळेपणाचा अर्थ काय लावावा?

थोरोट्रास्टचा इतिहास

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी एक जुनी हकिकत सांगणे भाग आहे. आपल्या तरुण सहकाऱ्यांपैकी अनेकांनी ती अभ्यासक्रमात एखाद्या ओळीपुरती वाचली असेल.

१९३० च्या सुमारास जर्मनीतून थोरोट्रास्ट नावाचे कॉन्ट्रास्ट द्रव्य बाजारात आले. थोरियम डायऑक्साइडचे काही नॅनोमीटर आकाराचे कण त्यात तरंगत असत. आजच्या भाषेत ते नॅनोकणांचे कॉन्ट्रास्टच होते. क्ष-किरण चित्रे विलक्षण स्पष्ट येत. टोचताना वेदना नाही, ताप नाही, ताबडतोब दिसणारा कोणताही त्रास नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रणाचे जनक एगास मोनिझ यांनीही ते वापरले. जगभर लाखो रुग्णांना, त्यांत मुलांनाही, ते दिले गेले. थोरियम किरणोत्सारी आहे हे ठाऊक होते. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या समितीने १९३२ मध्येच सावधगिरीचा सूर लावला होता. परंतु चित्र इतके चांगले येत होते की तो सूर फारसा ऐकला गेला नाही.

ते कण यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतील भक्षक पेशींनी गिळले आणि तेथेच राहिले. बाहेर पडण्याची वाट त्यांना नव्हती. थोरियमचे अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षे. वीस, तीस, काही वेळा चाळीस वर्षांनी या रुग्णांना यकृताचे दुर्मीळ कर्करोग आणि रक्ताचे कर्करोग होऊ लागले. १९५० च्या दशकात त्याचा वापर थांबला, तरी रुग्ण पुढची कित्येक दशके येत राहिले.

यावर कोणी म्हणेल की थोरियम किरणोत्सारी, लोह शरीराच्या ओळखीचे; ही तुलना अन्यायाची आहे. आक्षेप योग्य आहे. आजचा लोहकण थोरोट्रास्टइतका घातक आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. लोहाचा कण शरीर विरघळविते आणि त्यातील लोह रक्तासाठी वापरते. मला लक्ष वेधायचे आहे ते निराळ्याच गोष्टीकडे. थोरोट्रास्टचे दुष्परिणाम निर्विवादपणे सिद्ध होऊ शकले, ते जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान येथील काही रुग्णालयांनी कोणाला कधी काय टोचले याच्या नोंदी सांभाळून ठेवल्या म्हणून. ज्या देशांत नोंदी नव्हत्या, तेथील रुग्ण आपल्या यकृताच्या गाठीचे कारण न कळताच गेले असतील. आपल्या देशात अशी वेळ आली, तर आपण कोणत्या गटात असू, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे.

तीन प्रश्न

यावरून मुलाच्या शरीरात कोणताही कण टोचण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.

पहिला, हा कण कोठे जातो? दुसरा, तो केव्हा आणि कोणत्या वाटेने बाहेर पडतो? साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठा कठीण कण मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहजी जात नाही, असे २००७ च्या एका महत्त्वाच्या संशोधनात दिसून आले. त्याहून मोठा कण विरघळणारा नसेल, तर तो यकृतात व प्लीहेत मुक्काम करतो. म्हणूनच सिलिकाचे सहा-सात नॅनोमीटरचे, लघवीवाटे निघून जाणारे कण मुद्दाम बनविण्यात आले, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्वचेचा कर्करोग पसरलेल्या पाच रुग्णांवरील पहिला मानवी अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेर पडण्याची वाट आधी आखून मग कण घडविणे, ही दिशा मला आश्वासक वाटते.

तिसरा प्रश्न आपल्या विद्येचा खरा कस पाहणारा : या चित्राने उपचार बदलणार आहे का? याचे उत्तम उदाहरण थॅलॅसिमियाच्या मुलांचे आहे. आपल्या शहरात ही मुले पुष्कळ आहेत. दर तीन-चार आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. हे लोह साठविणारे फेरिटिन म्हणजे शरीराने स्वतः घडविलेला नॅनोकणच : बारा नॅनोमीटरची प्रथिनाची कुपी आणि आत साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू. या लोहाने हृदय निकामी होते आणि पूर्वी ही मुले ऐन तारुण्यात जात. रक्तातील फेरिटिनच्या आकड्यावरून हृदयातील लोहाचा अंदाज येत नाही. २००१ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखविले की टी-टू-स्टार या एमआरआय पद्धतीने हृदयातील लोह मोजता येते. वीस मिलिसेकंदांखालचा आकडा म्हणजे लोह साचू लागले. दहाखाली म्हणजे हृदय निकामी होण्याचा मोठा धोका. या आकड्यावरून लोह उतरविणारे औषध बदलते, वाढते आणि मुलाचा जीव वाचतो. सात-आठ वर्षांचे मूल भूल न देताही या तपासणीसाठी शांत पडून राहते, आणि टोचावे काहीच लागत नाही. शरीरातलेच कण वाचता येत असताना बाहेरून नवे घालण्याची घाई करू नये, हेही यातून शिकावे. लोहाचा भार असलेल्या अशा मुलाला लोहकणाचे कॉन्ट्रास्ट देऊ नये, हे तर ओघानेच आले. पण ते देणाऱ्याला मुलाचा इतिहास माहीत असला तरच!

जाता जाता ‘नॅनो’ या शब्दाविषयी. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन करून घेणारे अनेक पालक मला विचारतात की त्यातही नॅनोकण असतात ना? सुवर्णभस्मात इतके सूक्ष्म कण काही अभ्यासांत आढळले आहेत. परंतु कणाचा आकार हा काही लाभाचा पुरावा नव्हे. जे तीन प्रश्न परदेशी इंजेक्शनला, तेच कोणत्याही ‘नॅनो’ उत्पादनाला विचारावेत. पक्षपात दोन्हीकडे नसावा.

एक पान आणखी

२०१९ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आयसीएमआर व औषध नियंत्रण यंत्रणेच्या सहकार्याने नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती स्वागतार्ह आहेत. परंतु मान्यता देणे सरकारचे काम, तर मान्यता मिळाल्यावर मुलागणिक लक्ष ठेवणे आपले.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. आपण प्रत्येक बाळाला लसीकरणाची पुस्तिका देतो. आया ती पुस्तिका लग्नाच्या दागिन्यांसारखी जपतात, याचा अनुभव आपणा सर्वांना आहे. त्या पुस्तिकेत एक पान वाढवावे आणि त्याला ‘तपासणीसाठी शरीरात दिलेले पदार्थ’ असे शीर्षक द्यावे. तारीख, केंद्र, तपासणी, पदार्थाचे नाव व बॅच क्रमांक, मात्रा, त्या दिवशीचे वजन व क्रिएटिनिन, आणि काही त्रास झाला असल्यास तो : एवढेच रकाने पुरेत. सीटीचे आयोडीन, एमआरआयचे गॅडोलिनियम, न्यूक्लिअर मेडिसिनचे कोलॉइड आणि पुढे येणारे नॅनोकण, सारे त्या एकाच पानावर लिहिले जावे. क्ष-किरण केंद्राने ते भरावे आणि आपण पुढच्या भेटीत ते पाहावे. डिजिटल आरोग्य नोंदीत त्याचा फोटो ठेवता आला, तर उत्तमच. पण कागदाचे पान आधी असावे.

‘आधीच कागदपत्रे कमी आहेत का?’ असे काहीजण म्हणतील. लसीच्या नोंदीबद्दलही एके काळी हेच म्हटले जात असे. आज काही शाळा प्रवेशाच्या वेळी ती मागतात. पालक घाबरतील, अशीही शंका आहे. माझा अनुभव उलट आहे : जे लिहून दिले जाते, त्यावर पालकांचा विश्वास बसतो. मात्र त्यांना ते त्यांच्या भाषेत सांगावे लागते. आपल्या शहरात ती भाषा मराठी, हिंदी, सिंधी, गुजराती, निमाडी यांपैकी कोणतीही असू शकते. संमतिपत्रावरील इंग्रजी ओळीखाली घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणणे आपल्या पेशाला शोभत नाही.

आपल्या मंडळात बालरोगतज्ज्ञ आहेत, क्ष-किरणतज्ज्ञ आहेत, विकृतिशास्त्रज्ञ आहेत आणि जुन्या-नव्या पिढीचे कुटुंबवैद्यही आहेत. असे पान छापून वाटणे मंडळाला सहज शक्य आहे. आगामी वर्षाच्या कार्यक्रमांत एखादी बैठक चाचणी संचांच्या साठवणीवर आणि या नोंदपानाच्या मसुद्यावर ठेवावी, अशी मी कार्यकारिणीला विनंती करते. मसुदा तयार करण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन. ज्यांना त्यात सुधारणा सुचवावयाच्या असतील, त्यांनी त्या बैठकीपूर्वी अवश्य कळवाव्यात.